साज नीट बसावा म्हणून

एक्स-रे उजेडाला धरून उत्तुरे डॉक्टरीण म्हणाली,
"काका, तुमच्या मानेचा बाक गेलाय."
मला हसूच आलं.
अख्खी गुजरी मला कासव म्हणते.
बाक गेला असेल तर
एवढी वर्षं मी मिरवतोय ते काय?

"आतला बाक," ती म्हणाली. "मणके सरळ झालेत,
म्हणून बाहेर तुम्ही वाकलाय."

मणी मला कळतात, मणके नाही.
मी पाटवेकरी.
पायाच्या अंगठ्यात रेशीम अडकवायचं,
डोळ्यांपासून वीतभरावर
जवमणी, पान, जवमणी, पान,
मासा, कारलं, चंद्रकोर, भुंगा,
साज गाठत जायचा, दिवा लागेपर्यंत.
बत्तीस वर्षं मान मोडून काम केलं
असं मी छाती काढून सांगितलं.
(छाती निघालीच नाही, ते वेगळं.)
तिनं ते जसंच्या तसं कागदावर उतरवलं,
दुखण्याच्या रकान्यात.

व्यायाम असे दिले की चारचौघांत सांगायची लाज.
हनुवटी मागं घ्या.
खाली नाही, वर नाही, मागं,
ड्रॉवर ढकलतात तशी.
पाच आकडे. सोडा. असं दहा वेळा.
खांदे कानांशी कुजबुजत बसलेत, त्यांना खाली पाठवा.
पाठीचे दोन्ही फरे जवळ आणा,
मधे पेन्सिल धरल्यागत.
मग भिंत: टाचा, कंबर, पाठ, डोकं.

डोकं काही टेकेना.
चार बोटं फट.
बायको म्हणाली, "ढकलू का जरा?"

चौदाव्या वर्षी तालमीत
मातीत मान रोवून अख्खं अंग तोलायचो मी.
वस्ताद वर पाय देऊन म्हणायचा,
हललास तर दूध बंद.
तीच ही मान,
आता उशी बदलली तरी चार दिवस रुसते.

दुकानाची चौकट दोन्ही हातांनी धरायची,
एक पाय पुढं, छाती उघडायची, तीस आकडे.
समोरचा आण्णू हुपरीकर ओरडला,
"काय गा कासवा, सुळावर चढालास काय?"
मी मोजत होतो. अठरा, एकोणीस.
नजर कुठं ठेवायची ते तिनं सांगितलं नव्हतं
म्हणून ती आपसूक वर गेली,
आण्णूच्या दुकानाच्या माडीला.
लाकडी कठडा. कठड्यावर कोरलेले पोपट.
सात. एकाची चोच गेलेली.

"आण्णू, पोपटाची चोच कधी गेली रे?"
"कसला पोपट?"
तो रस्त्यात आला, वर बघितलं,
त्याची मान कटकन वाजली.
उत्तुरे डॉक्टरणीचा नंबर
मी त्याला न विचारताच दिला.

परवा कागलकडची एक पोरगी आली,
लग्नाचा साज गळ्यात घालून बघायला.
दिवसभर कंप्युटर, इथं हातात मोबाइल.
आई म्हणाली, "भाऊ, गाठ चुकली तुमची.
पुढं लोंबतोय बघा, पानं उलटालीत."
बत्तीस वर्षांत गाठ चुकली नाही माझी.
मी चिमटा उचलला, परत ठेवला.

"बाळ, हनुवटी मागं घे जरा.
ड्रॉवर ढकलल्यागत."
ती हसली. पण घेतली.
आणि एकेक पान सरकत
आपापल्या जागी जाऊन निजलं.
कासव बरोबर कासवाच्या जागी.

आरशात बघितलं तर
आईनंही हळूच हनुवटी मागं घेतलेली,
आपल्याला कुणी बघत नाही असं समजून.
मीही घेतली.
पाच आकडे होईतो
आम्ही तिघं गप्प.

मग पोरीचा फोन वाजला.

रात्री भिंतीला उभा राहिलो.
बायकोनं बोटं घालून मोजलं.
तीन, म्हणाली,
आणि करंगळी.