दुसरा मजला, अकरा महिने

सी फॉर्म भरायला भाचा बोलवावा लागला.
नाव: आत्येनो ओधियाम्बो.
भाच्याने तीनदा चुकवलं,
चौथ्यांदा तिनेच मोबाईल ओढून घेतला.
अर्थ विचारला. रात्री जन्मलेली.
म्हटलं, मग आमच्याकडे तू रजनी.
नाही म्हणाली, पण इतकं हसून
की मला वाटलं, हो म्हणाली.

मानेचा घोळ पुढे महिनाभर चालला.
पाणी आलं का, ती जिन्यातून विचारायची,
मी मान हलवायची,
आणि ती बादली धरून तशीच उभी.

खारघरची माणसं बघतात.
इस्त्रीवाला शर्ट जळेपर्यंत बघतो.
टॉवरमधल्या बाया तिच्या वेण्यांना हात लावतात,
न विचारता, देवळातल्या घंटेला लावावा तसा.
ती वर येऊन दार आपटते.
माझ्या काचा हादरतात, मी गप्प बसते.
दार माझं असलं तरी
आपटणं तिचं.

ओटीपी भलत्याच नंबरावर जातो.
बँकेतला विचारतो, परत कधी जाणार?
फुलवाला विचारतो, परत कधी जाणार?
एसटीची वेळ विचारावी त्या सुरात.

पण पेरू!
तिखटमीठ लावलेला पहिला पेरू तिने
उत्सव चौकात उभ्याने खाल्ला, मग आणखी तीन,
आणि पांडवकड्याच्या डोंगराकडे बघत म्हणाली,
इथे बरा आहे.
काय बरा, ते मी विचारलं नाही.

एका रविवारी मी सुकी मांदेली भाजत होते,
खिडक्या घट्ट लावून,
कारण समोरच्या टॉवरमधून तक्रार येते.
ती अनवाणी खाली आली,
तव्यापाशी थांबली.
ओमेना, म्हणाली, आणि मग काहीच नाही.
तिच्या तळ्याकाठची मासळी चांदीची, माझी पिवळी,
पण उन्हात वाळतानाचा वास एकच,
आणि वाळत घालणाऱ्या आईची पाठही.
भाकऱ्या संपेस्तोवर दोघी जेवलो.
मग मी उठून सगळ्या खिडक्या उघडल्या.
येऊ दे तक्रार.

त्या दिवसापासून तिच्या तोंडून
माझेच शब्द निघायला लागले, जरा मळून आलेले.
साबणाला साबुनी. हिशेबाला हेसाबु.
चपातीला चपातीच.
दुकानाला दुका.
न कुठेतरी समुद्रात पडला असणार,
गलबतातून माल उतरवताना.

फॉर्मवर एक रकाना होता, कायमचा पत्ता.
तिने किसुमू, टपालपेटीचा नंबर, झरझर सांगितला.
घरमालकाच्या रकान्याशी मीच अडले.
आईने मला ज्या बांधावर निजवलं
तिथे आता एटीएम आहे, गार हवेचं.
भातशेतीच्या बदल्यात साडेबारा टक्के,
हा प्लॉट, हे तीन मजले.
मी कुठेच गेले नाही गो,
गावच माझ्या पायाखालून निघून गेलं.
आता लिफ्टमधली नवी माणसं मला विचारतात,
तुम्ही मूळच्या कुठल्या?
हे तिला सांगितलं
तर तिने मान हलवली, अगदी आमच्यासारखी.
हो की नाही, कळलं नाही.

करार मार्चमध्ये संपला.
निखळलेल्या कडीचे पैसे अनामतीतून कापायचे होते,
राहून गेलं.
मांदेली बांधून दिली, तीन पिशव्या, वर पेपर.
विमानतळावर पकडलं तर सांग, औषध आहे.
दावा, म्हणाली. औषधाला दावा.

निघताना येते म्हणायचं, हे शिकवलं होतं.
तेव्हा वाद घातला होता तिने,
जाताना येते? खोटं का बोलायचं?
टॅक्सीत बसताना ती म्हणाली, जाते.
मी चूक दुरुस्त केली नाही.

आता वर इंदूरचा मुलगा आहे.
फॉर्म लागत नाही, दार हळू लावतो.
संध्याकाळी पिशवी घेते, त्याला सांगते,
जरा दुकावर जाऊन येते.
एक अक्षर कमी आहे,
त्याच्या लक्षात येत नाही.