फुकटातलं

कारखानीस साहेब, तुमचं वाक्य
मी इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलंय:
‘फुकटचा डेटाबेस, तो एवढाच पळणार.’
टेबलाभोवती सगळे हसले.
परवान्यांचे दर घेऊन आलेला माणूस
जरा बेतानेच हसला. त्याला विकायचं होतं.

पुरावा होता एक्केचाळीस सेकंदांचा.
परळच्या रक्तपेढीत, काउंटरवर,
ओ निगेटिव्ह शोधताना
पडद्यावर चक्र फिरत राहिलं
आणि समोरच्या बाईंनी हातातल्या चिठ्ठीची
चार वेळा घडी घातली, चार वेळा उलगडली.
हे मी नाकारत नाही.

दुसरा पुरावा म्हणजे तो तक्ता.
त्यात महागडा धावला नव्या कोऱ्या सर्व्हरवर
आणि आमचा,
हर्षदाच्या बिजागरी तुटलेल्या लॅपटॉपवर.
हे तळटीपेतही नव्हतं.

रात्री मी त्यालाच विचारलं,
बाबा रे, तू नक्की करतोस काय?
त्याने लपवलं नाही.
त्याच्या पोटातलं वाचता येतं, हे एक बरं आहे.
म्हणाला, नऊ लाख नोंदी
पहिलीपासून एकेक उघडून बघतोय,
रक्तगटाची सूची मला कुणी दिलीच नाही.
आणि मेमरी?
बसवला त्या दिवशी होती तेवढीच,
सहा वर्षं.
झबल्यात कोंबलेला घोडनवरा.

अंगण वाकडं नव्हतं, साहेब.

एक ओळ लिहिली.
मशीनचा चहा, नुसतं साखरेचं पाणी,
तो संपेपर्यंत सूची तयार.
पुन्हा तोच प्रश्न टाकला,
सेकंद मोजायला बोट उचललं,
तर उत्तर येऊन बसलेलं.

सगळ्यांहून वेगवान तोच, असं मी म्हणणार नाही.
महिनाअखेरच्या अहवालाला तो अजून धापा टाकतो
आणि त्यातला थोडा दोष त्याचाच आहे.
पण त्याच्या आत, एका ओळीच्या डोक्यावर,
कुणीतरी लिहून ठेवलंय:
‘हे बरोबर आहे याची मला खात्री नाही, पुन्हा तपासा.’
खाली नाव. तारीख.
अकरा वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी: ‘तपासलं.’
तुमच्या ‘फुकट’मध्ये
हे कुठे बसवायचं, मला कळत नाही.

सकाळी काउंटरवरच्या सुलभा किणी म्हणाल्या,
‘आज नेट बरं चाललंय, नाही?’

मी म्हटलं, हो.