तीन नंबर

रबाळ्याला नाल्याकडेच्या शेडमध्ये मढवी मिस्त्रीनं
बॉनेट उचललं. या महिन्यात तिसऱ्यांदा.
प्लग नवे. कॉइल एकची तीनला, तीनची एकला
लावून झालेली. खोड तिथंच, तीन नंबरात.

थंड असते तोवर गाडी गुणी.
ऐरोलीच्या सिग्नलला तापली की हुडहुडी भरते,
मागून शाळेची पोरं:
काका, हिला स्वेटर घाला.

मिस्त्री चालू इंजिनाची एकेक पिन काढतो, कान देतो.
पहिली काढली, अडखळलं.
दुसरी, तसंच. चौथीलाही.
तिसरी काढली –
काहीच नाही.
"ज्याला काढून आवाज बदलत नाही
तो आधीच गेलेला," म्हणाला, आणि फडकं शोधू लागला.

समोरच्याच गल्लीत आमची कंपनी.
मला काढलं त्या सोमवारी
भोंगा वेळेवर झाला होता.

मग ब्रॅकेटमागं, जिथं नजर पोचत नाही,
तो बोटांनी वायर चाचपत गेला.
"सिलिंडर ठणठणीत आहे हो.
वायर आतून तुटलीय. तापली की हात सोडते."

सोल्डर, टेप, चारशे रुपये.
चावी फिरवली. चारही बोलले.
मी गियर टाकला नाही लगेच.
साडेबाराची शाळा सुटायला
अजून वेळ होता.