एकच बॅटरी

ब्रह्मपुरीच्या दुकानात शहारे विचारतो,
"किती मेगापिक्सेलचा पायजे, ताई?"
मी म्हणते, ते मले नाही समजत.
रात्री दोन वाजता
धान कापलेल्या बांधीत, मंडपाखाली
एक हॅलोजन बंद पडलेला असते
अन् खलनायक बायकोची चिठ्ठी वाचते.
त्याचे ओठ दिसले पायजेत.

तो काचेमागून मोठ्ठा झूम काढतो,
"दूरचा पक्षीबी येईन याच्यात."
पण मी बसते तबल्याच्या बाजूले,
पेटीवाल्याचा गुडघा लागते मले.
दूर असं काही नाहीच माझ्याजवळ.

पाकिटात सतरा हजार आठशे.
तीन सीझन रंगपट सांभाळला,
मिशा चिकटवल्या, काढल्या, वाळवल्या.

मग खालच्या कप्प्यातून एक जुना निघतो,
कोपरा घासलेला, पट्टा कोणा दुसऱ्याचा.
लेन्स आखूड, पण अंधार पिते म्हणे.
मागच्या खोलीत, जिथं लाइट नव्हता,
शहाऱ्याचा बाप डबा खात होता.
खटॅक.
भाताचं शीत न् शीत आलं.

"आवाज लय आहे याचा."
"लग्नात कोण ऐकते, ताई?"
"आमच्याकडं ऐकतेत."

तरी घेतला.
दुसऱ्या बॅटरीले पैसे नाही उरले,
ही जुनी, अडीच तासांची,
अन् नाटक तं उजाडेपर्यंत.

वडशाच्या एसटीत, पिशवी मांडीवर,
हिशोब लावते:
नांदी, लावणी, सारा पहिला अंक
नुसत्या डोळ्यानं पाहायचा.
चिठ्ठीच्या वेळी मात्र
पब्लिकमधलं कोणी खोकललं
तं बरं होईन.