पंधरा मिनिटं

न्यूफाउंडलंडच्या पार टोकाला एकच दुकान:
इकडे गळ, दोऱ्या, रबरी बूट, तिकडे औषधं.
लिअँडर आला होता खोकल्याच्या गोळ्या न्यायला.
बर्नडीन म्हणाली, "न्यूमोनियाची लस आलीय. बाही वर कर."

एक बाही नव्हे, तीन.
कोट, स्वेटर, आणि आत बायकोनं विणलेला आणखी एक,
कोपराशी उसवलेला.
मग दंड. दंडावर निळं, विटलेलं जहाज.
शिडाच्या जरा वर सुई टोचली.
"झालं?"
"झालं. आता पंधरा मिनिटं बस इथंच."

तो खिडकीशी बसला.
बाहेर बर्फ धक्क्याला घासत होता.
"अँब्रोज गेला तेव्हाही असाच होता.
तीन दिवस बोट नाही.
त्याच्या छातीत आवाज, होडीत पाणी शिरावं तसा.
तुझ्या बापानं कफ सिरपची बाटली दिली. उधार."

तिला ठाऊक होतं.
जुन्या वहीत ती ओळ अजून तशीच आहे,
बापानं ना वसूल केली, ना खोडली.

पंधराची वीस मिनिटं झाली.
तीन बाह्या एकेक करून खाली आल्या.
गोळ्यांचं पाकीट
खुर्चीवरच राहिलं.