हातभर डावीकडे

हिद्दच्या गोदीत ती तिसऱ्यांदा आली
तेव्हा अंगावरचा आकडा खरवडून काढलेला.
आधी दोन्ही वेळा मी तिला बरी करून पाठवली होती.
या खेपेला हुकूम वेगळा :
रिकामी करा, धुवा, दारं उघडी बांधून ठेवा,
पाणी कुठे अडता कामा नये.

एकोणीस दिवस तेल उपसलं.
तारा ओढल्या, पारा, काच, गाद्या,
भटारखान्यातल्या खणातून मूठभर जिरं.
तपासनीस पांढरा हातमोजा घालून
टाक्यांच्या तळाशी बोट फिरवायचा.
माशांना त्रास नको, म्हणाला.
दाभोळचा अश्रफ सारंग हसला नाही.
‘मय्यतीला गुस्ल देताना
इतकंच हळू चोळतात,’ एवढंच बोलला.

खालच्या एका बंकमागे, पत्र्यावर,
कुणी खिळ्याने रेघा मारलेल्या.
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
शेवटच्या गटात तीनच.
घरी गेला असेल. मी तसं धरून चालतो.

चाळिसाव्या फासळीपाशी माझा सांधा होता,
आठ वर्षांपूर्वी जुलैत घातलेला;
डाव्या मनगटावर त्याचा डाग अजून आहे.
फोरमन म्हणाला, इथे भोक पाड.
मी हातभर डावीकडे पाडलं.
कागदावर तेवढं खपून गेलं.

आखात उथळ. इथेच बुडवली असती
तर डोलकाठी वर राहून तिच्यावर पाणकावळे बसले असते.
म्हणून टगने तिला होर्मुझपलीकडे नेलं,
नारिंगी पट्टा रंगवून,
आत माणूस नाही, दिवा नाही.

याकूब टगवर होता. परतल्यावर
बराच वेळ चहात साखर ढवळत बसला.
पहिलं क्षेपणास्त्र सुकाणूघरावर. दुसरं चुकलं.
तिसऱ्याने चिमणी नेली.
दुपारपर्यंत ती तशीच, जरा कलती,
जणू मान वळवून विचारतेय,
अजून कुणाचं राहिलंय?
मग पाणबुडीचा टॉर्पेडो.
मग दोन तुकडे.

कुठून तुटली?
त्याने सांडलेल्या चहात बोटाने जहाज काढलं,
फासळ्या मोजल्यासारखं केलं
आणि माझ्या सांध्याच्या किंचित डावीकडे
नखाने रेघ ओढली.

सांध्याने धरून ठेवलं, की भोकाने दगा दिला?
विचारायला जावं तर हजार वाव पाणी.
पोऱ्याने येऊन टेबलावर फडकं मारलं.

भोंगा झाला.
चार नंबरच्या धक्क्याला एक टँकर लागलाय,
उजव्या कुशीत गळतोय.