मोजणी

प्रेसमध्ये एकतीस वर्षं मी कागद मोजले.
एक शीट कमी भरली तर अख्खा सेक्शन थांबायचा,
डबे उघडले जायचे, जेवणाचेसुद्धा,
आणि कागद सापडेपर्यंत कुणी जेल रोडला घरी जायचं नाही.
तोच मी, कुंदा,
तुझा नंबर बंद पडू दिला.

रिचार्ज कशाला, म्हटलं. कोण करणार फोन.
बँकेत मृत्यूचा दाखला दिला, सात झेरॉक्स.
कार्ड कापलं त्यांनी माझ्यासमोर, कात्रीने, व्यवस्थित.
त्या कार्डातून महिन्याला एकशेतीस रुपये जात होते
हे मला कुठे ठाऊक.
वर कुठेतरी तुझे फोटो भाड्याने राहत होते
आणि घरमालकाने नोटीस लावली होती
तुझ्या बंद फोनच्या दारावर.

नातवाने तुझं खातं उघडायला घेतलं.
म्हणाला, आजोबा, ओटीपी आजीच्या नंबरवर जाईल.
नंबर लावला.
वाजला.
मी खुर्चीचा हात धरला.
"हॅलो, कोण?"

पिंपळगावची योगिता गांगुर्डे.
पॅकहाऊसमध्ये द्राक्षं भरते, मागे कोल्डरूमची घरघर.
म्हणालो, बाई, तुझ्या फोनवर सहा आकडे येतील, ते मला सांग.
तिने फोन कट केला.
बरोबरच केलं. मीही केला असता.
दुसऱ्या दिवशी म्हणाली, पोलिसात देईन.
तिसऱ्या दिवशी तिनेच लावला:
"तुमच्या मिसेस म्हणजे कुंदा का?
त्यांना अजून फोन येतात, काका.
सिन्नर फाट्याची टेलरबाई, ब्लाउज शिवून पडलेत म्हणते.
एक शैलाताई आहेत मखमलाबादच्या.
दर चतुर्थीला, मी हॅलो म्हणायच्या आधीच,
बरी आहेस ना गं.
मी राँग नंबर म्हणते, त्या सॉरी म्हणतात,
आणि पुढच्या चतुर्थीला पुन्हा."
मग तिने एकेक आकडा सांगितला,
पेटीत घड ठेवावा तसा, न दाबता.

अकरा रात्री फोटो उतरत होते.
चौदा हजार दोनशे सहा. दोनदा मोजले.
मला वाटलं, लग्नं असतील, बारशी असतील.
निघाल्या गोळ्यांच्या पट्ट्या, सिलिंडरच्या पावत्या,
मेनरोडच्या दुकानातले साड्यांचे काठ, न घेतलेल्या साड्यांचे,
दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलेलं पाणी, तेरा वेळा, तेराही हललेले,
मी झोपलेला. मी झोपलेला.
मी तोंडावर पेपर घेऊन झोपलेला.
नातू म्हणाला, हे डिलीट करू, जागा वाचेल.
म्हटलं, एक शीट कमी भरली
तर आज तुला जेवण नाही.

आता एक डिस्क कपाटात आहे, तुझ्या शालूच्या घडीत,
डांबरगोळ्यांपासून लांब.
दुसरी भाचीकडे मनमाडला,
जिथे पूर सोड, नळालाही पाणी येत नाही.
दर सहा महिन्यांनी दोन्ही उघडून बघायच्या, चालतात का.
तारखेला गोल केलाय कॅलेंडरवर,
दुधाच्या खाड्यांशेजारी.

छापून मात्र एकच आणला.
कॉलेज रोडचा पोरगा दोनदा विचारत होता,
काका, नक्की हाच?
विजेच्या मीटरचा. आकडे पुसट.
खाली कोपऱ्यात, चुकून आलेला,
तुझा पाय, निळी स्लीपर,
अंगठ्याला चिकटपट्टी.
कधी लागलं होतं तुला?

ब्लाउज घेऊन आलो. चार होते.
शिलाई बाकी होती, दिली.
शैलाताईंचा नंबर योगिताने पाठवलाय.
चतुर्थी परवा आहे.